माझी जाऊ केबिनीत गेली होती

माझी जाऊ केबिनीत गेली होती. मी नाही. सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्यावर माझं पोट भरत नाही, म्हणून सगळं सांगते.

आधी केबिन कोणती ते सांगायला पाहिजे, कारण आता ती जागेवर नाही. भुसावळहून अकोल्याकडे जाताना बुलडाणा जिल्ह्यात जी टेसनं लागतात, त्यातल्या एका टेसनच्या पूर्वेच्या टोकाला रुळांना खेटून ती उभी होती. खाली जाड विटांची भिंत, वर तिन्ही बाजूंनी काचांची खोली आणि बाहेरून चढणारा लोखंडी जिना. वरच्या खोलीत माणसाच्या छातीएवढे लोखंडी दांडे ओळीनं उभे असायचे. त्यांना लिव्हर म्हणतात. केबिनवाल्यानं लिव्हर ओढला की रुळांच्या कडेनं गेलेली तार सरकायची आणि लांब खांबावरचा लाल हात खाली पडायचा. हात पडला म्हणजे गाडीला रस्ता मोकळा. आता तिथं रंगीत दिवे आहेत. ते कोण कुठं बसून लावतं ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची हौसही नाही.

आमचं घर टेसनच्या वस्तीत, केबिनीच्या मागच्या अंगाला. परसाचं कुंपण संपलं की लगेच ती तार. मी लग्न होऊन आले ती लोणार तालुक्यातून, सुलतानपूरकडून. आमच्याकडे रेल्वे म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं चित्र. वऱ्हाड मॅटेडोरनं आलं, मीही मॅटेडोरनंच आले, सगळ्या रस्त्यानं मांडीवर रुखवताचा डबा धरून. हे मॅटेडोरचं लक्षात ठेवा, त्यानंच माझा घात केला.

पहिल्याच आठवड्यात परसात भांडी घासत होते. एकाएकी कुंपणापलीकडं जमिनीलगत काहीतरी सर्रकन पळालं. मी साप साप म्हणून ओरडले आणि हातातलं पातेलं फेकलं. सासूबाई धावत आल्या आणि पोट धरून हसल्या. "अवं, तार हाय ते! गाडी येऊन राह्यली." आणि खरंच थोड्या वेळानं मालगाडी आली. भांडी तशीच राहिली. मी पुढच्या गाडीची वाट पाहत तिथंच बसले.

तेव्हापासून मला ते वेडच लागलं म्हणा. मी घरी शिवणकाम करायची. मशीन मुद्दाम मागच्या खिडकीशी लावून घेतली. जवळची तार वाजली की अकोल्याकडं जाणारी गाडी, पलीकडची वाजली की भुसावळकडं. थंडीत तार ताणलेली असायची आणि तिचा आवाज टणक यायचा. उन्हाळ्यात ती सैल पडायची, मग केबिनवाल्याला लिव्हर दोनदा ओढावा लागे, अन् मला वाटायचं बिचारा आज दमला असेल. गाडीपेक्षा मला केबिन आवडायची. गाडी येते, धडधडते, निघून जाते, तिचं काय! तिला जा म्हणणारी ही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिच्यापुढं नवरा ठेवा नाईतं शिंगल ठेवा, हे शिंगलाकडंच पाहीन." आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तेही हसायचे. चिडवून घ्यायला मला लाज वाटत नव्हती, एकदा वर जायला मिळावं एवढंच वाटायचं. पण जिन्याच्या पायथ्याशी पाटी होती, आत येण्यास मनाई म्हणून, आणि त्या वेळचा केबिनवाला पाटीपेक्षा कडक होता.

मग त्याच्या जागी नवे केबिनवाले म्हणून चाचा आले. गावातलेच, त्यांच्या घरची मंडळी बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायची. माझा धाकटा दीर फलाटावर चहाची टपरी चालवायचा आणि केबिनीत चहा पोचवायचा, म्हणून चाचांशी आमचं जमलं. ते आठवड्यातून एकदा आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "बेटी, कुछ चिंधी-विंधी है?" लिव्हरच्या मुठीला उघडा हात लावायचा नाही, हा केबिनवाल्यांचा शिरस्ता. हाताच्या घामानं मूठ गंजते. मुठी कशा आरशासारख्या चकचकीत ठेवायच्या, आणि धरायच्या त्या कापडानंच. त्यासाठी चाचा चिंध्या न्यायचे. मी त्यांना फाटकं काही दिलं नाही हो. ब्लाउजपीसचे उरलेले सुती तुकडे जोडून, कडा दुमडून, चांगली चौकोनी फडकी शिवून द्यायची. माझ्या हातची फडकी वर जायची, दिवसभर लिव्हरवर असायची. मी खाली.

आता चाचांची खोड सांगते, कारण सगळं त्या खोडीवर येऊन अडतं. टेसनच्या वस्तीत जी सून गाडीनं येईल, तिला लग्नानंतर एकदा ते केबिनीत बोलवायचे. ज्या पॅसेंजरनं ती सासरी आली, त्याच पॅसेंजरला तिनं सिग्नल द्यायचा. गाडी आधीच्या टेसनवरून सुटली, सगळं पक्कं झालं, की लिव्हरला तिचा हात लावायचा, वरून चाचांचा हात. "बहू रेल से आई है, एक बार रेल को सलाम तो देगी," असं म्हणायचे. नियमात बसणारं नव्हतं ते, पण वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना गोड वाटायचं. मलाही वाटायचं. माझी जाऊ येईपर्यंत.

जाऊ मलकापूरच्या बाजूची. तिच्या माहेरी घरामागूनच गाड्या जायच्या. लहानपणापासून इतक्या पाहिलेल्या, की गाडी आली तरी ती मान वर करायची नाही. अशा बाईला पॅसेंजरनं आणलं! हिरवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि डब्यातून उतरताना म्हणाली काय, तर "माय वं, धुळीनं डोकं उठलं." मी तिला ओवाळायला उभी होते. तेव्हाच मला काहीतरी टोचलं.

तिसऱ्या दिवशी दीर म्हणाला, "चाचानं बोलावलं, हिले वर घेऊन जातो." मी पोळपाट सोडून उठले. म्हटलं, "मीबी येते." सासूबाई म्हणाल्या, "तू काऊन? तू तं मॅटेडोरनं आलती." घरात पाहुणे भरलेले होते, सगळे खो खो हसले. आमचे हेही हसले. आणि चुलीवर पुरण होतं, कोणीतरी घरी राहायलाच पाहिजे होतं. ते कोणीतरी म्हणजे कायम मीच.

मी परसात जाऊन उभी राहिले. हिरवी साडी जिन्यावर दिसली. एका हातानं कठडा, एका हातानं निऱ्या, आणि दर पायरीला हा थांबा. मी असते तर धावत गेले असते. मग ती काचेआड गेली. आणि मग माझ्या पायाशी तार सरकली. मी मान वळवली आणि लांबवर हात पडताना पाहिला. रोज पाहायची मी तो, पण त्या दिवशी तो तिच्या हातानं पडला होता, मला ठाऊक होतं, आणि माझ्या छातीत जाळ झाला. खोटं कशाला बोलू, जळले मी. दागिन्यावरून नाही जळले, तिला माझ्यापेक्षा जड पैठणी आली त्यावरून नाही, तिच्या गोऱ्या रंगावरून नाही. एका दांड्यावरून जळले. पॅसेंजर शिट्टी देत निघून गेली. इकडं पुरण करपलं, सासूबाई बोलल्या ते ऐकून घेतलं.

ती खाली आली तेव्हा तिला सगळ्यांनी विचारलं, कसं वाटलं. "भारी होतं," म्हणाली आणि आत जाऊन पाणी प्यायली. भारी! बास, एवढंच!

मी पिच्छा सोडला नाही. वर्षानुवर्षं सोडला नाही. गहू निवडताना, पापड लाटताना, दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या, दिराकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं मी तिला विचारायची.

"लाल दांडे पुढच्या अंगाले होते न वं?"

"हो, होते."

"अन् काळे मधात?"

"हाव, मधात."

"खिडकीतून आपलं घर दिसे का?"

"दिसत असन."

"दिसत असन काय वं? दिसे का नाई?"

"दिसे बापा, दिसे. तुमची मशीनबी दिसे."

झालं. माझी मशीन तिथून दिसायची, हे तिला माहीत आणि मला नाही! तो दिवस मी नीट जेवले नाही. दर वेळी असंच. विचारल्याशिवाय राहवायचं नाही आणि ऐकलं की आगीत तेल.

चाचांनाही विचारून पाहिलं मी. लाज सोडून कुंपणाशी म्हटलं, "चाचा, एकदा मलेबी दाखवा." ते खरंच खजील झाले. म्हणाले, "बेटी, तू रेल से आती तो कब का ले जाता. कायदा कायदा है." बघा म्हणजे! सरकारचा नियम मोडून त्यांनी स्वतःचा एक काढला, आणि तो मात्र काटेकोर पाळायचा. मग अकोल्याला मावसबहिणीचं लग्न निघालं. मी एसटीनं गेले आणि येताना हट्टानं पॅसेंजरनं आले. उतरले ती पिशवी घेऊन सरळ केबिनीखाली. म्हटलं, "चाचा, आज मी गाडीनं आले." काचेतून वाकून त्यांनी माझ्या पिशवीकडं पाहिलं. मग म्हणाले, "बहू एकही बार आती है, बेटी." पुढच्या आठवड्यात फडकी न्यायला आले तेव्हा माझ्यासाठी बांगड्यांचा जोड आणला होता. मी तो घेतला, पण कधी घातला नाही.

चाचा रिटायर झाले. त्यांच्यानंतरच्या माणसाला आमची नावंही माहीत नव्हती. मग रंगीत दिवे आले, तारा गुंडाळून नेल्या आणि केबिनीला कुलूप लागलं. मला वाटलं, आता कोणाला विचारावं लागणार नाही, एखाद्या दुपारी गुपचूप चढून काचेतून आत पाहून यावं. मी मनाची तयारी करेपर्यंत भंगारवाल्यांनी जिनाच कापून नेला. त्यानंतर कितीतरी दिवस ती तशीच उभी होती. वर दार, आणि दाराला पायऱ्याच नाहीत. मी मशीनवर बसून त्या दाराकडं पाहायची. मग एका दुपारी यंत्र आणून ती पाडली. जाऊ तेव्हा माहेरी गेली होती. परत आली, परसात गेली, रिकाम्या जागेकडं पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं वं बाई, आता वाळवणाले ऊन येईन." मी उठून घरात गेले आणि दार आपटलं. तिला कळलंही नाही काऊन ते.

एवढ्यावर सगळं संपलं असतं. पण मुलानं मला मोबाइल घेऊन दिला, आणि रेल्वेच्या शौकिनांचा एक ग्रुप असतो म्हणून त्यात घातलं. मला आधी खरं वाटेना. माझ्यासारखी आणखी माणसं! अकोल्याचे एक डॉक्टर, भुसावळचे एक रिटायर गार्ड, नागपूरचे एक बँकवाले, पुण्याची दोन-चार पोरं. दिवसभर जुन्या इंजिनांचे फोटो टाकायचे आणि हळहळायचे. आणि आमची केबिन! तिच्यावर सगळ्यांचा जीव. कोणी लिहायचं, मी कॉलेजला जाताना तिच्या काचेत सूर्य दिसायचा. कोणी लिहायचं, तिथला केबिनवाला हात दाखवायचा. बाई म्हणून मी एकटीच. मी आवाजांचं लिहिलं, थंडीतल्या तारेचं आणि उन्हाळ्यातल्या तारेचं. पाच-सहा अंगठे आले. बास. ते आपलं पुन्हा आतल्या गोष्टींवर. आत कसं होतं, लिव्हर किती जड, घंटा कशी वाजायची. जो जो आत जाऊन आला होता त्याला मान.

सगळ्यात जास्त मान डॉक्टरसाहेबांना. ते शिकत असताना कोणाच्या तरी ओळखीनं वर गेले होते आणि फोटो काढला होता. तो त्यांनी एकदा टाकला. मी भाजी चिरत होते, विळी बाजूला सारली. फोटोत चाचांचा हात होता, लिव्हरची चकचकीत मूठ होती आणि मुठीवर निळ्या फुलांचं फडकं. ते कापड मी ओळखलं. बाजारपेठेतल्या एका मास्तरीणबाईंच्या ब्लाउजचं उरलेलं. कडाही माझ्याच. मी लगेच लिहिलं, ते फडकं माझ्या हातचं आहे. खूप अंगठे आले, फुलं आली. मला भरून आलं. आणि डॉक्टरांनी विचारलं, "मग ताई, तुम्ही नेहमी वर जात असाल?"

काय लिहू? लिहिलं, "नाही. माझी जाऊ गेली होती. तिनं लिव्हर ओढला होता."

अरे देवा! ग्रुपमध्ये कल्ला झाला. लिव्हर ओढलेली बाई! कोण, कुठं आहेत, त्यांना आणा. फडकं राहिलं बाजूला. आठवड्याभरात ठरलंही, की दिवाळीनंतर सगळ्यांनी आमच्या गावी जमायचं, केबिनीच्या जागेशी, आणि जाऊबाईंची आठवण व्हिडिओत घ्यायची. मला लिहिलं, "ताई, तेवढं त्यांना घेऊन या." म्हणजे मी कशाला, तर तिला घेऊन येणारी!

जाऊ हे ऐकून आधी हसली आणि मग नवी साडी काढून बसली. मी तिला काही बोलले नाही, पण मला झोप लागेना. त्या केबिनीवर माझा काही हक्क होता तर तो एवढाच, की तिच्यावर माझ्याइतका जीव कोणी लावला नाही. आणि हे मला ज्या माणसांकडून ऐकायचं होतं, ती माणसं आता जाऊचं ऐकायला येणार होती. ती बोलली की माझं उरलंसुरलं गेलं. ताप आला म्हणून पडून राहावं असंही मनात आलं. पण मग ती एकटी गेली असती, ते त्याहून वाईट.

रुळांजवळ जाऊ देत नाहीत, म्हणून आम्ही उड्डाणपुलाच्या कडेला जमलो. तिथून केबिनीची जागा बरोबर खाली दिसते. आता तिथं खडीचा ढीग आहे आणि बाभळी वाढल्या आहेत. सात-आठ जणं आली होती. गळ्यात कॅमेरे, हातात गरम कचोऱ्यांचे पुडे. चांगली माणसं हो, सगळी वाकून नमस्कार करणारी. भुसावळच्या गार्डसाहेबांनी गाडीतून एक घडीची खुर्ची काढली. एकच होती. ती उघडून जाऊपुढं ठेवली. "वहिनी, बसा." ती बसली. मी शेजारी उभी. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण जाऊनं एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं, ते मला आठवतं.

पुण्याच्या पोरानं मोबाइल धरला. डॉक्टर म्हणाले, "हं वहिनी, अगदी सुरुवातीपासून सांगा. जिना चढून वर गेलात, दारातून आत पाय ठेवला, आणि मग?"

जाऊ पदर सारखा करत उठली. म्हणाली, "मी काय सांगू साहेब? मी नाई गेलती वर. ह्या गेलत्या." आणि माझा दंड धरून मला खुर्चीत बसवलं. "मोठ्या हायत न, लाजतात. म्हणून माह्यं नाव सांगून राह्यल्या होत्या."

मी तिच्याकडं पाहिलं. ती पुड्यातून कचोरी काढून खात होती. सगळे माझ्याकडं वळले, मोबाइलही वळला. डॉक्टर म्हणाले, "काय हो ताई, एवढं लपवून ठेवलं आमच्यापासून?" आणि मी नाही म्हणायला तोंड उघडलं ते बोलतच सुटले.

जिना सांगितला, प्रत्येक पायरी कशी वाजते ते. दारातून आत गेल्यावर तेलाचा आणि रॉकेलचा वास. दांडे रांगेनं, लाल पुढं, काळे मधात, निळे त्यांच्या पलीकडं. चाचांनी माझ्याच हातचं फडकं मुठीवर कसं ठेवलं. बांगड्या कोपरापर्यंत कशा मागं सरकल्या. वरून त्यांचा हात, आणि "ओढ बेटी". खिडकीतून आमचं परस, परसामागची खिडकी, खिडकीत मशीन. आणि लांबवर तो हात पडताना. गार्डसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुलावरून एक ट्रक धडधडत गेला तरी कोणी हललं नाही. मग टाळ्या वाजल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, मी स्वतः वर गेलो होतो, पण असं मला कधी सांगता आलं नसतं."

तुम्हाला वाटेल मला शरम वाटली असेल. चहाचा कप संपेपर्यंत तरी नाही वाटली. मी त्या खुर्चीत ऐटीत बसून चहा प्यायले.

परत येताना आम्ही दोघीच रिक्षात होतो. पोरानं तोवर व्हिडिओ टाकलाही होता. माझा मोबाइल सारखा वाजत होता, फुलांवर फुलं. मग मात्र मला राहवेना. म्हटलं, "काऊन देलं वं? तुह्यं होतं ते."

ती म्हणाली, "मी तिथं काय सांगतली असती बाई? मले कुठी काय दिसलं? मी तं डोये गच्च मिटून घेतले होते. वर चढताचढताच चक्कर आली. चाचा म्हणे डर मत, डर मत. ओढलं कसंबसं अन् उतरली खाली."

"अन् लाल, काळे दांडे? ते मशीन दिसे म्हणत होती?"

"तुमीच विचारत होत्या न, लाल पुढं होते न वं? मी हो म्हणो. नाई म्हटलं तं तुमचं तोंड कसं उतरे! अन् मले तं ठाऊकच होतं, तुमी खिडकीशी बसता म्हणून." ती हसली. "तुमाले एवढं आवडते, तं मनलं घ्या बापा. माह्याजवळ काय पडलं होतं त्यातलं?"

म्हणजे इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते ते तिनं पाहिलेलंच नव्हतं. दांडे मी रंगवले, खिडकी मी उघडली, आणि मग तिला दिसलं म्हणून मीच तडफडले. मला हसू यायला पाहिजे होतं. थोडं आलंही. आता सगळं माझंच आहे, असं वाटून मी रिक्षाला टेकून बसले. फार हलकं वाटलं.

तशी ती बाहेर पाहत सहज म्हणाली, "एक मात्र हाय. डोये मिटले होते न, म्हणून हातालेच कळे सगळं. आपण ओढलं तं तेबी आपल्याले ओढते. तिकडून. लय जोरानं. जसं कोणी दूर उभं राहून दुसरं टोक धरलं हाय, अन् सोडून नाई राह्यलं."

तार मी रोज पाहिली होती, रोज ऐकली होती, पण ती ओढते हे मला ठाऊक नव्हतं. हे मी तिला कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायला ते आधी माहीत असावं लागतं. पुलावर मी एवढं सगळं सांगितलं, त्यात हे नव्हतं. जे तिच्याजवळ खरं होतं ते तिच्याजवळच राहिलं होतं, आणि बाईला त्याचा पत्ताही नव्हता. ती पिशवीतून राहिलेली कचोरी काढून मला म्हणाली, "घ्या न, खा." मी घेतली नाही. मोबाइलवर फुलं येत होती आणि मी तिच्या त्या उजव्या हाताकडं पाहत पुन्हा पहिल्यापासून जळत होते.